ई-मेलचा पत्ता वाटेत का बदलतो? मेल सर्व्हरमधील दोष शोधण्याची रीत

कार्यालयातून ई-मेल रवाना होतो, ‘पाठवला’ अशी नोंदही दिसते. मात्र तो समोरच्यापर्यंत पोहोचत नाही, किंवा त्याला दिलेले उत्तर अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर जाते. निविदा, देयके आणि प्रवेशपत्रे ई-मेलवर अवलंबून असताना असा घोटाळा महागात पडतो. अनेकदा त्याचे मूळ मेल सर्व्हरमधील पत्ता-पुनर्लेखनाच्या मांडणीत असते.

पुनर्लेखन म्हणजे सर्व्हरने पत्ता स्वतःहून बदलणे. संगणकाचे अंतर्गत नाव असलेला पत्ता बाहेरच्या जगाला निरुपयोगी असतो. म्हणून त्याजागी संस्थेचा अधिकृत पत्ता घातला जातो. निरनिराळ्या संगणक जाळ्यांत पत्ते लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, त्या काळात एरिक ऑलमन यांच्या ‘सेंडमेल’ने हे काम नियमांच्या आधारे केले. पुढे १९९८ मध्ये विट्झे वेनेमा यांचे ‘पोस्टफिक्स’ प्रसिद्ध झाले आणि पुनर्लेखन सोप्या तक्त्यांवर आले.

गोंधळ टाळण्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते : प्रत्येक ई-मेलला पत्त्यांचे दोन संच असतात. एक लिफाफ्यावरचा, ज्यावरून सर्व्हर टपाल पोहोचवतो. दुसरा पत्राच्या शिरोभागातील, जो वाचकाला दिसतो. टपाल परत येते ते लिफाफ्यावरील प्रेषकाकडे. उत्तर मात्र शिरोभागातील पत्त्यावर जाते. त्यामुळे तक्रार कोणती आहे, यावरूनच कोणता पत्ता तपासावा हे ठरते.

पोस्टफिक्समध्ये ‘कॅनॉनिकल’ तक्ता टपाल सर्व्हरमध्ये शिरताना लागू होतो आणि एरवी दोन्ही संच बदलतो. ‘व्हर्च्युअल एलियास’ तक्ता केवळ लिफाफ्यावरील प्राप्तकर्ता बदलतो. ‘जेनेरिक’ तक्ता टपाल बाहेर पाठवतानाच वापरला जातो. कार्यालयांतर्गत पत्ते तसेच ठेवून फक्त बाहेर जाणारे बदलायचे असतील, तर हा शेवटचा तक्ताच उपयोगी पडतो.

दोष शोधताना सुरुवात सर्व्हरच्या नोंदवहीपासून, म्हणजे लॉगपासून करावी. मूळ प्राप्तकर्ता आणि बदललेला प्राप्तकर्ता अशा दोन्ही नोंदी तेथे सापडतात. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक असल्याने जुन्या तक्रारींचा मागही काढता येतो.

त्यानंतर तक्त्यालाच प्रश्न विचारावा. ‘पोस्टमॅप’ आज्ञेने एखाद्या पत्त्याचे रूपांतर काय होते ते लगेच कळते. मजकुराची फाइल बदलली, परंतु तिच्यापासून तक्ता पुन्हा तयार केला नाही, ही चूक सर्रास आढळते.

चाचणी सर्व्हरवरून यशस्वी होते, पण शेजारच्या संगणकावरून पाठवलेल्या पत्रात जुनाच पत्ता दिसतो, हाही नेहमीचा अनुभव. पोस्टफिक्स शिरोभागातील पत्ते एरवी फक्त सर्व्हरवरूनच निघालेल्या टपालात बदलते. इतर संगणकांना ती सवलत स्पष्टपणे द्यावी लागते. विषाणू-तपासणीसाठी टपाल दुसऱ्या प्रणालीकडे जाऊन परत येत असेल, तर पुनर्लेखन दोनदा होऊन एकाच पत्राच्या अनेक प्रती पोहोचू शकतात. अशा वेळी दोहोंपैकी एका टप्प्यावर ते बंद ठेवावे लागते.

अलीकडे जोखीम वाढली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दररोज ५,००० हून अधिक ई-मेल पाठवणाऱ्यांना ‘एसपीएफ’, ‘डीकिम’ आणि ‘डीमार्क’ या तिन्ही प्रमाणीकरण पद्धती आवश्यक ठरल्या आहेत. डीकिमच्या स्वाक्षरीत शिरोभागातील प्रेषकाचा पत्ता समाविष्ट असतो. स्वाक्षरीनंतर तो बदलल्यास स्वाक्षरी निरर्थक ठरते. टपाल मूळ प्रेषकाच्या नावानेच पुढे पाठवल्यास एसपीएफची पडताळणी फसते. त्यावर लिफाफ्यावरील प्रेषक बदलणारी ‘एसआरएस’ पद्धत हा उपाय आहे. म्हणून पुनर्लेखन आधी आणि स्वाक्षरी नंतर, हा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे.

एका वेळी एकच बदल करावा आणि आतून आत, आतून बाहेर व बाहेरून आत अशा तिन्ही दिशांनी पत्र पाठवून तो पडताळावा. पत्ता कोणत्या टप्प्यावर बदलला हे एकदा कळले, की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.