खेळण्यातल्या डब्याची बनवा कंटेनर वाघीण! खर्च थोडाच, गंज मात्र दिसेल खराखुरा

नवी मुंबई : न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून उरण, पनवेलकडच्या लोकांना कंटेनर लादलेल्या मालगाड्या ओळखीच्या झाल्या आहेत. जत्रेतून आणलेल्या प्लास्टिकच्या आगगाडीत मात्र तसा डबा सहसा मिळत नाही. मोटार बंद पडली की ती गाडीही कोपऱ्यात धूळ खात पडते. त्यातल्याच एका उघड्या डब्यापासून कंटेनरची वाघीण घरी बनवता येते. रंगाच्या चार छोट्या बाटल्या, एक ब्रश, पॉलिश पेपर आणि फेविकॉल एवढंच विकत घ्यावं लागतं. बाकी सामान घरातलंच.

माप कसं काढायचं?

खरा छोटा कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. आपल्या डब्याची रुंदी मोजा आणि तिला ८ ने भागा. समजा रुंदी ४ सेंटिमीटर आली, तर अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक फूट. मग कंटेनर १० सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि सव्वाचार उंच होईल. खऱ्या वाघिणीवर असे दोन कंटेनर किंवा ४० फुटी एक बसतो. खेळण्यातला डबा आखूड असतो, म्हणून एकच पुरे.

डबा कापणे, कंटेनर जोडणे

डब्याच्या चारही भिंती हॅकसॉ ब्लेडने कापून फक्त तळ आणि चाकं ठेवा. हे काम मोठ्या माणसाने करावं. कडा पॉलिश पेपरने घासा. तळ साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर तेलकट प्लास्टिकवर रंग टिकत नाही.

कंटेनरसाठी खोक्याचा बारीक नालीदार पुठ्ठा घ्या. वरचा कागद किंचित ओला करून सोलला की आतल्या नाळ्या उघड्या पडतात. खऱ्या कंटेनरच्या पत्र्यालाही अशाच उभ्या नाळ्या असतात. एका टोकाला दोन दारं आखून त्यावर बारीक तारेच्या चार उभ्या सळ्या चिकटवा. पेटी बंद करण्याआधी आत तळाला दोन-तीन जुने नट चिकटवा, म्हणजे वळणावर डबा उलटत नाही. मग पातळ फेविकॉलचा हात देऊन वाळवा आणि निळा किंवा तांबडा रंग द्या.

गंज कुठे धरतो?

बरेच जण इथेच चुकतात. सगळीकडे तपकिरी रंग फासला की डबा जुना दिसत नाही, नुसता मळका दिसतो. खरा गंज जागा बघून येतो. क्रेन कंटेनरला कोपऱ्यात पकडते, त्यामुळे तिथला रंग आधी उडतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी साचतं. खरचटलेल्या जागी लोखंड उघडं पडतं, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं. पावसाचं पाणी वरून खाली वाहतं, म्हणून गंजाचा ओघळही उभाच हवा, आडवा नको.

भांडी घासायच्या स्पंजचा छोटा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि फक्त कोपऱ्यांवर, कडांवर टेकवा. ओघळासाठी एक थेंब रंगात आठ-दहा थेंब पाणी घाला, बारीक रेघ ओढा आणि बोटाने खाली पुसा. वाळल्यावर त्याच जागी गेरूची पूड कोरड्या ब्रशने लावा. टपावर थोडी माती चालेल.

चाकांच्या आजूबाजूला गेरू आणि कोळशाची पूड मिसळून लावा. ब्रेक घासून उडालेली धूळ तिथे बसते. पण रुळाला टेकणारी चाकाची कड रंगवू नका. ती रोज घासून चकचकीत राहते. आसातही पूड जाऊ देऊ नका, चाक अडकेल.

शेवटी फेविकॉलमध्ये चारपट पाणी घालून लांबून हलकं फवारा. पूड धरून राहते, थोडी चमक मात्र येते.

बघायचं ते प्लॅटफॉर्मवरूनच

रंगवण्याआधी खरी वाघीण नीट बघा, मोबाईलवर मोठी करून बघितली तरी चालेल. पण त्यासाठी रुळांवर किंवा यार्डात शिरू नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. पूड लावताना तोंडाला रुमाल बांधा. तयार डबा अगदी लहान मुलांच्या हाती देऊ नका, ती तोंडात घालतात.

छोट्या गाड्यांची आवड असणाऱ्यांसाठी पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे जाणं होईल तेव्हा होईल. पहिला डबा मात्र या सुट्टीतच करून बघता येईल, आणि गंज जरा कमी वाटला तरी तिथेच थांबलेलं बरं. वाढवणं सोपं असतं, पुसून काढणं अवघड.