विश्लेषण : गेल्या वर्षी बहरलेल्या क्लेमॅटिसला यंदा फूल का नाही?

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी संपत आला की घरोघरी बागेची कात्री बाहेर निघते. कुंपणावरची क्लेमॅटिसची वाळकी वेल सरसकट छाटली जाते आणि मे महिन्यात तळहाताएवढ्या फुलांऐवजी नुसती पानेच दिसतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी बागप्रेमींनी कात्री उचलण्याआधी थोडे थांबलेले बरे.

छाटणी नेमकी कुठे चुकते?

'नेली मोझर'सारख्या जाती मे-जूनमध्ये गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्या बुडापासून छाटल्या की तो बहर गेलाच. त्यांचा फक्त मेलेला, कमकुवत भाग काढायचा, तोही निरोगी डोळ्यांच्या जोडीपर्यंतच. 'जॅकमनी'चे उलटे आहे. इंग्लंडमधील वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ मध्ये केलेल्या संकरातून आलेली ही जात जुलैपासून नव्या फुटीवर फुलते. ती जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर बिनधास्त छाटावी. नाहीतर खाली नुसत्या काड्या आणि फुले पार वर! जात ठाऊक नसेल तर एक वर्ष छाटू नका, फुले कधी येतात ते पाहा.

वेलीने अचानक माना टाकल्या तर?

कळ्यांनी लगडलेल्या फांद्या अचानक मलूल होऊन काळ्या पडतात. पाणी कमी पडले समजून अनेक जण आणखी पाणी ओततात. कारण बहुतेकदा 'कॅलोफोमा क्लेमॅटिडिना' ही बुरशी असते. रोगट फांद्या निरोगी भागापर्यंत, गरज पडल्यास जमिनीलगत कापा. त्या कंपोस्टमध्ये टाकू नका. हातमोजे घाला, वेलीच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते. मात्र वेल उपटू नका. मातीखालचे डोळे जिवंत असतील तर नवी फूट येते. म्हणूनच मोठ्या फुलांच्या जाती लावताना कुंडीत होत्या त्यापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर खोल लावतात.

पुण्या-मुंबईत लावावी का?

फोटो पाहून ऑनलाइन मागवण्याचा मोह होतो, पण या जाती थंड हवेच्या. हिवाळ्यात त्यांना थंडीतली विश्रांती लागते, ती मुंबईत कुठून मिळणार? याच कुळातली मोरवेल मात्र सह्याद्रीत रानोमाळ वाढते. फुले लहान, पांढरी, पण वेल झुडपांवर गच्च पसरते.