घरी पाहिलेला चित्रपट आणि त्यावरील मत

रविवारी रात्री घरी चित्रपट पाहावा आणि सोमवारी त्याविषयी बोलावे, हा आता पुष्कळ घरांचा परिपाठ झाला आहे. ‘बरा आहे’, ‘फार संथ आहे’, ‘एखाद्या मालिकेसारखा वाटला’, ‘शेवट काही कळला नाही’, अशी ही मते असतात. ती सहज दिली जातात आणि सहज घेतली जातात. त्यात वावगे काही नाही. चित्रपटाविषयी बोलण्याचा आनंद तो पाहण्याच्या आनंदाहून उणा नव्हे. परंतु यांपैकी कोणते मत खरोखर चित्रपटाविषयी आहे, आणि कोणते घरातील संचाविषयी किंवा त्या रात्रीच्या गडबडीविषयी आहे, याची निवड क्वचितच केली जाते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न थोडा अधिक महत्त्वाचा ठरतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी मराठी चित्रपट लागला तरी त्याचे खेळ थोडे असतात. त्यामुळे कित्येक चित्रपटांची पहिली आणि शेवटची भेट घरच्या पडद्यावरच होते. तेथे वर्तमानपत्रातील परीक्षणापेक्षा मावशीच्या किंवा शेजारच्या काकांच्या शब्दाला वजन अधिक. काकांनी ‘रटाळ’ म्हटले की चार घरांतून तो चित्रपट उठलाच म्हणून समजावे!

‘मालिकेसारखा वाटला’ हेच मत घ्या. चित्रपट सामान्यतः सेकंदाला २४ चित्रे या गतीने घेतला जातो. त्यामुळे हालचालीत जो किंचित पुसटपणा येतो, त्यालाच आपले डोळे चित्रपट म्हणून ओळखतात. आजच्या पुष्कळ दूरचित्रवाणी संचांत मात्र दोन चित्रांच्या मधली चित्रे संचानेच तयार करून भरण्याची सोय असते. क्रिकेटच्या सामन्यात ती उपयोगी पडते. चित्रपटात तिच्यामुळे हालचाल अतिशय गुळगुळीत होते, वाडा रंगविलेला दिसू लागतो आणि नट नटासारखे दिसू लागतात. म्हणजे दिग्दर्शकाने कधी घेतलीच नाहीत अशी चित्रे पाहून आपण त्याला दोष देतो. संचाच्या चित्रविषयक मांडणीत जाऊन ही सोय बंद करता येते. पण तेवढे कष्ट कोण घेतो?

जुन्या चित्रपटांवर याहून मोठा अन्याय होतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली निघाला, आणि १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस, म्हणजे सुमारे चारास तीन या प्रमाणात असे. आजचा संच सोळास नऊ या प्रमाणाचा. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि ‘एवढा मोठा पडदा वाया का घालवायचा?’ म्हणून कोणी तरी कळ दाबतो. चित्र ताणून बसविले तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो; वरखाली कापून बसविले तर उंचीचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. वनमालाबाईंनी उभी केलेली ती कृश, सोशिक आई मग सुजल्यासारखी दिसते, आणि नातू म्हणतो, ‘आजी, हे जुने चित्रपट कसेसेच दिसतात.’

ध्वनीचेही तसेच आहे. चित्रपटगृहात पडद्यामागून आवाज येतो. घरच्या पातळ संचात तो बहुधा खालून किंवा मागून भिंतीवर आपटून येतो, आणि वर पंखा, कुकरची शिट्टी, फोन हे सारे असतेच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर पकडण्यासाठी सारे कुटुंब धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि डुक्कर निसटते. त्या प्रसंगाचा सारा अर्थ कानावाटे येतो. नेमक्या त्याच क्षणी कोणी ‘चहा टाकू का?’ असे विचारले, की ती माणसे एकाएकी का थांबली हे कोडेच राहते.

अर्थात घरातले पाहणे सर्वस्वी तोट्याचेच असते असे नाही. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग दाखविणारा आजोबा आहे. तो चित्रपट आजोबा-नातवंडे एकाच सतरंजीवर बसून पाहतात, तेव्हा त्याला जे लाभते ते चित्रपटगृहातील अनोळखी गर्दीत लाभेलच असे नाही.

खरी परीक्षा होते ती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’सारख्या (२०१४) चित्रपटाची. एका सफाई कामगाराला गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपाखाली एका वृद्ध शाहिरावर चाललेला खटला, एवढीच त्याची कथा. कॅमेरा दूर उभा राहतो, हलत नाही, वाट पाहतो. न्यायालयात तारखांवर तारखा पडतात तेव्हा माणसे अशीच वाट पाहत असतात. तो संथपणा हा त्या चित्रपटाचा विषयच आहे. घरी मात्र अशा वेळी हात फोनकडे जातो.

बेळगावचे एक मराठी घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. चित्रपट शेवटाकडे आला आहे. उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही काळ अंधारातच राहतो. वडील उठून खोलीतला दिवा लावतात. ‘काय हो हे, निकालसुद्धा दाखविला नाही,’ असे म्हणत ते पुण्याच्या भावाला तसे कळविण्यासाठी फोन शोधू लागतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. निकाल पुढेही येत नाही. पण मुलगी म्हणते, ‘बाबा, अजून संपलेला नाही.’ दिवा पुन्हा मालवला जातो. पडद्यावर आता तेच न्यायाधीश सहलीला आलेले दिसतात. न बोलणाऱ्या एका मुलासाठी ते नाव बदलण्याचा आणि खडा घालण्याचा सल्ला देतात. मग ते बाकावर झोपी जातात. पोरे जवळ येऊन एकदम ओरडतात. ते दचकून जागे होतात, एका मुलाला चपराक मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

वडिलांनी हा भाग उभ्याउभ्याच पाहिला. पुण्याला फोन गेला तो अर्ध्या तासाने. आणि ‘कसा आहे रे चित्रपट?’ या प्रश्नाला त्यांनी एवढेच सांगितले, ‘दादा, तू आधी बघ. पण दिवा लावू नकोस, आणि मध्ये उठू नकोस.’