ब्राउझर हळूच विचारतो तेव्हा

संगणकवाल्यांचा एक जुना विनोद आहे. इंटरनेट एक्सप्लोरर कशाला वापरायचा? तर दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला! इतका तो मंद. १९९५ साली आला, जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच त्याला निवृत्त केलं.

ब्राउझर म्हणजे इंटरनेट बघायची खिडकी. क्रोम, फायरफॉक्स हे त्यातलेच. मंदपणाला हसता येतं हो. पण केंद्रावरच्या संगणकावर गटाचा ईमेल उघडला, की ब्राउझर विचारतो, "पासवर्ड जतन करू?" घाईत 'हो' दाबलं, तर आपल्यामागून बसणाऱ्याला गटाची सगळी कागदपत्रं आयतीच उघडतात. तिथे 'नाही' दाबा. उठताना लॉगआउटही करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही.