पाचोळा पेटवू नका, मुरवा!

मैत्रिणींनो, होळी जवळ आली की आपली सकाळ खराट्याच्या खरखराटाने सुरू होते, खरं ना? जुन्या जालन्यात अंगणात किंवा निदान गल्लीत कडुनिंब असायचाच. माघ-फाल्गुनात तो असा गळतो की झाडून मागे वळावं तर अंगण पुन्हा पिवळं! जोडीला पिंपळ आणि बदाम. मग कंटाळून कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायची, ही आपली रीत.

पण ही काडी महागात पडते बरं! अर्धवट वाळलेला पाला जळत नाही, धुमसतो. धुरातले बारीक कण थेट छातीत जातात. घरात दमेकरी सासरे किंवा पाळण्यातलं बाळ असेल, तर त्यांची रात्र खोकण्यात जाते. शेजारच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे धुरकटतात ते निराळंच! शिवाय घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याने टँकरची वाट पाहिली आणि जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या. बागाईतदार झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरतात ते ओल टिकावी म्हणून. मग आपल्या जास्वंदीला, कढीपत्त्याला आपला पाचोळा का नको? दोन-तीन इंच जाड थर द्या, मात्र खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा. ऊन थेट मातीवर पडत नाही आणि पाणी कमी लागतं. मातीच्या भिंतीला मात्र पाला लावून ठेवू नका, वाळवी लागेल.

उरलेल्याचं खत करा. फुटकं पिंप किंवा जुनं पोतं चालेल. पिंपाच्या बुडाला भोकं पाडा. वीतभर पाचोळा, त्यावर भाज्यांची देठं-सालं, मग शेणकाल्याचा शिपका, असे थर द्या. नुसता वाळका पाला कुजायला फार वेळ घेतो, म्हणून हा ओला भाग हवाच. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी खालीवर करा. घाण वास आला तर ओल जास्त झाली समजा. कोरडा पाला मिसळा. तीन-चार महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार! आंब्या-फणसाची जाड पानं चुरून घाला, ती सावकाश कुजतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिला हे खत चांगलं मानवतं.

बंगल्यापुढे हिरवळ असेल तर पाला साचू देऊ नका. ऊन न मिळाल्याने गवत पिवळं पडतं. सुरूची सुईसारखी पानं गवतात अडकतात. ती कोरडी असतानाच हलक्या हाताने ओढून काढा आणि कुंड्यांत पसरा.

आणि हो, कडुनिंबाचा थोडा हिरवा पाला सावलीत अगदी खडखडीत वाळवून गव्हा-ज्वारीच्या कोठीत घाला. ओलसर राहिला तर धान्याला बुरशी येईल, तेवढं जपा.

पाडव्यापर्यंत कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. तोवर यंदाचं पिंप भरून ठेवा. पावसाळ्यात रोपं लावताना खत विकत आणावं लागणार नाही!