एका पानावर तोच फॉर्म दोनदा

वर्डप्रेसवर चालणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर नावनोंदणीचा छोटा फॉर्म असतो. तो प्लगिनमधून येतो. संपादक तो लेखाच्या वरही टाकतात आणि तळाशीही. लेख संपवून खाली आलेला वाचक ‘ईमेल’ या शब्दावर क्लिक करतो, तर पान झर्रकन वर सरकतं आणि कर्सर वरच्या फॉर्मात लुकलुकू लागतो.

प्लगिन लिहिणाऱ्याने चौकटीला एक ठरावीक आयडी दिलेला असतो आणि लेबलला तोच सांगितलेला असतो. फॉर्म दोनदा छापला की आयडीही दोनदा छापला जातो. एका पानात एक आयडी एकदाच, असा एचटीएमएलचा नियम आहे. तो मोडला तरी ब्राउझर तक्रार करत नाही. आधी सापडेल ती चौकट धरतो. डोळस माणूस वैतागून माउस थेट चौकटीवर नेईल. पण एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर विसंबणाऱ्या अंध वाचकाला खालच्या चौकटीत काय भरायचं ते ऐकू येईलच असं नाही, कारण दोन्ही लेबलं वरच्याच चौकटीला जोडलेली असतात. म्हणूनच ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

चटकन सुचणारा उपाय म्हणजे पीएचपीचं ‘युनिकआयडी’ फंक्शन. ते घड्याळाच्या मायक्रोसेकंदांवरून 13 अक्षरांची खूण बनवतं. वर्डप्रेसच्या ‘ट्वेंटी सेव्हन्टीन’ थीमच्या शोधफॉर्मात तेच वापरलं होतं. पण पान दर वेळी नव्याने तयार झालं की ही खूण बदलते. मजकुरात काहीच बदल नसताना एचटीएमएल वेगळं निघतं, आणि आधीच्या प्रतीशी ताडून पाहणाऱ्या चाचण्या उगाच फसतात.

खरं तर इथे साधी मोजणी पुरते. जानेवारी 2019मध्ये आलेल्या वर्डप्रेस 5.0.3मध्ये ‘डब्ल्यूपी_युनिक_आयडी’ हे फंक्शन मिळालं. आत एक आकडा असतो, दर हाकेला एकाने वाढणारा. त्याच्याआधी प्लगिनच्या नावाचा उपसर्ग लावायचा, म्हणजे दुसऱ्या प्लगिनशी टक्कर होत नाही. मात्र एका चौकटीसाठी फंक्शन एकदाच बोलवावं, उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवावं आणि तेच लेबल व चौकट दोघांना द्यावं. दोन्हीकडे वेगळं बोलावलं तर आकडे वेगळे येतात आणि लेबल कुठेच जोडलं जात नाही.

या मोजणीची हद्द मात्र एका विनंतीपुरतीच असते. ‘आणखी दाखवा’ बटणाने मागाहून आणलेला मजकूर नव्या विनंतीतून येतो. तिथे मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि आधीच पानावर असलेल्या आयडीशी भिडते. कॅशमध्ये साठवलेल्या तुकड्यांचंही तेच. अशा ठिकाणी आयडी मजकुरातूनच घडवावा: उपसर्ग, लेखाचा डेटाबेसमधला क्रमांक आणि त्या लेखातला फॉर्मचा क्रम. मग पान कितीदाही उघडा, तुकडा कधीही येवो, लेबल आपल्याच चौकटीकडे नेतं.