कानांवर हात ठेवणारे मूल

१३ डिसेंबर २०२३ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेशाचे नवे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी अधिकारग्रहण केले आणि त्याच दिवशी पहिला आदेश काढला तो ध्वनिक्षेपकांविषयी. धार्मिक व सार्वजनिक ठिकाणचे भोंगे ठरलेल्या मर्यादेबाहेर वाजू नयेत, असा त्याचा आशय होता. मर्यादा काही नवी नव्हती. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी सीमा घालून दिलेली होतीच. अशा आदेशांची चर्चा आपल्याकडे धर्माच्या नाही तर राजकारणाच्या अंगाने होते. परंतु भोपाळात काय किंवा आपल्या गावात काय, अशीही घरे असतात की ज्यांना भोंग्याचा प्रश्न या दोहोंपैकी कशाचाच नसतो. भोंगा सुरू झाला की त्या घरातले मूल कानांवर हात गच्च दाबून कोपऱ्यात बसते, आणि शेजारपाजारचे म्हणतात, ‘फार लाडावले आहे.’

अशा पुष्कळ मुलांच्या स्थितीला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १२७ माणसांमागे एकाची ही स्थिती असते. शब्द मोठा सुबक आहे. पण खरे सांगावयाचे तर तो बाहेरून पाहणाऱ्याने दिलेला आहे. मूळ युरोपीय संज्ञा ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९११ च्या सुमारास भलत्याच आजाराच्या संदर्भात घडविली, आणि तिचाही अर्थ ‘स्वतःत मिटलेला’ असाच. वस्तुतः यांतील कित्येकजण स्वतःत बुडालेले नसून बाहेरच्या जगाने बुडविलेले असतात.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी भोपाळच्या जुन्या शहरातील चौकबाजारात मनाने जाऊन यावे. अरुंद गल्ली, रिक्षांचे कर्णे, तळणाचा धूर, अत्तराचा दरवळ, जरीच्या बटव्यांवर चमकणारे दिवे, अंगाला घासून जाणारी माणसे. आपण त्यातून भाव करीत सहज चालतो, कारण सुपात धान्य पाखडावे तसा आपला मेंदू नको ते आपोआप बाजूला सारीत असतो. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत हे पाखडणे पुष्कळदा होत नाही. दुकानदाराचा शब्द, मागचा कर्णा, डोक्यावरील पंख्याची घरघर, सदऱ्याच्या गळपट्टीतील टोचणारी चिठ्ठी, सारे एकाच जोराने आत येते. शिवाय आपल्याला आवाजाची सवय होते. पाच मिनिटांनी पंखा ऐकू येईनासा होतो. त्यांना दहावी मिनिटही पहिल्यासारखेच असते. मग एका क्षणी भरलेला घडा उतू जातो आणि मूल किंचाळते, जमिनीवर लोळते. हा हट्ट नव्हे. हट्टी मूल मागितलेली वस्तू मिळाली की थांबते, अधूनमधून आईकडे चोरून पाहते. हे मूल काहीच मागत नसते.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या गोष्टी स्पष्ट आलेल्या आहेत. पाळणे, वाहते पाणी, अंडी फेटण्याचे यंत्र, इतकेच काय वाराही या मुलांना कधीकधी भयभीत करून सोडी. तरीही डॉक्टरमंडळींचे लक्ष दीर्घकाळ मुलांच्या बोलण्या-वागण्यावरच राहिले. मध्यंतरी तर आयांच्या मायेत उणीव आहे म्हणून मुले अशी होतात, असेही विद्वानांनी छापले. त्या माउल्यांनी काय सोसले असेल! अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने संवेदनांचा हा वेगळेपणा निदानाच्या लक्षणांत रीतसर मोजला तो २०१३ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी.

याच्या उलटही घडते. एकाच मुलाला शिट्टी असह्य व्हावी आणि चटका मात्र उशिरा कळावा, भूक-तहान उमजू नये, दाढ ठणकत असता ते नुसते डोके आपटीत बसावे, असे होते. कुशीत घेतले तर अंग चोरणारे मूल जड गोधडीखाली मात्र शांत झोपते. कारण हलका स्पर्श त्याला टोचतो, घट्ट दाब निववितो. १९४७ साली जन्मलेल्या टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाईंनी तरुणपणी मावशीच्या गुरांच्या कुरणावर जनावरे खोड्यात दाबली की स्थिर होतात हे पाहिले, आणि स्वतःसाठी तसलाच लाकडी खोडा बांधला. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. गुरे पाळणाऱ्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. झुलणे, हात फडफडविणे हीदेखील अशीच तोल सांभाळण्याची रीत आहे. ती मारून मोडू नये.

‘माझ्याकडे पाहून बोल’ असा आग्रहही टाकावा. कित्येकांना पाहणे आणि ऐकणे एकदम साधत नाही. नजर खाली असते तेव्हाच ते नीट ऐकत असतात. डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधील स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडले की, समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. ते आपल्याला जितके कळत नाहीत, तितकेच आपणही त्यांना कळत नाही.

२०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. भोपाळात अपंगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. घरच्या गोष्टी मात्र आजच करता येतात. सदऱ्याची चिठ्ठी उसवावी. कुकरची शिट्टी होण्याआधी सांगावे. कानांत घालायला कापसाचे बोळे खिशात ठेवावेत. देवळात वा लग्नमंडपात दाराजवळची जागा धरावी, म्हणजे मुलाला घेऊन न बोलता बाहेर पडता येते. आणि वरातीच्या बँडवाल्यांना त्या घरापुढून जाताना ढोल थांबवा असे सांगितले, तर ते सहसा ऐकतात; फक्त कोणीतरी आधी जाऊन सांगावे लागते, आणि ते काम शेजाऱ्याने केले तर त्या घरच्या आईला दर वेळी हात जोडत फिरावे लागत नाही.